ऋणनिर्देशाबाहेरचे मार्गदर्शक

पीएच.डी.च्या प्रबंधातील ऋणनिर्देशाचे पान वाङ्मयेतिहासकार सहसा न वाचताच उलटतो. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, कुटुंबीय असा मानाचा क्रम तेथे पाळलेला असतो आणि शेवटी 'मित्रमंडळी' हा समूहवाचक शब्द येतो. रूपरेषा कशी मांडावी, टिपणांची कार्डे कशी लावावीत, मार्गदर्शकांसमोर प्रश्न कोणत्या शब्दांत ठेवावा, हे नवागताला ज्यांनी शिकविले ते या एका शब्दात विरून जातात. वस्तुतः गुरुबंधूंच्या आधाराने ज्ञान सिद्ध होण्याची रीत मराठीला अपरिचित नाही. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'ची सामग्री सहानुयायांच्या आठवणींतूनच गोळा केली होती.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात ही रीत केवळ सोयीची नव्हती. ती गरज होती. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ आणि तेथील माध्यम उर्दू. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आता बीड-अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याला स्वभाषेच्या प्रदेशात विद्यापीठ मिळाले, परंतु घरात पदवीचीच परंपरा नाही, तेथे संशोधनाची कोठून असणार? ही उणीव वसतिगृहांनी काही अंशी भरून काढली. मिलिंदच्या परिसरातून 1967 मध्ये 'अस्मिता' निघाले आणि ते लवकरच 'अस्मितादर्श' झाले. या नियतकालिकाची थोरवी दलित साहित्याच्या संदर्भात पुष्कळदा सांगितली गेली आहे. माझ्या मते त्याचे आणखी एक कार्य होते: ज्याच्यामागे कोणतेही घराणे नाही अशा लेखकाला सहवाचकांसमोर युक्तिवाद करण्याची सवय त्याने लावली. अमेरिकेत अध्ययन करून आलेले म. ना. वानखडे आणि संपादक गंगाधर पानतावणे हे अर्थात वडीलधारे. पण वाद घालणारे पुष्कळसे समवयस्कच होते.

या व्यवस्थेचे गुणगान मात्र बेताने करावे. खोली मिळाली तरच सोबती मिळतो. 1978 च्या नामांतरविरोधी हिंसाचारानंतर त्या खोलीची शाश्वतीही उरली नाही. ज्याचे आईवडील 'कोयता' म्हणून मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत, त्याला धाकट्या भावंडांसाठी गावीच राहावे लागते. मुलीच्या बाबतीत हे अधिकच खरे. शिवाय मित्राकडून ज्ञान येते तसा साचाही येतो. 'जीवन आणि वाङ्मय' या चौकटीतले, एकाच प्रकरणक्रमाचे इतके प्रबंध आपल्याकडे झाले, त्याचा दोष एकट्या मार्गदर्शकांचा नाही. आराखडा हातोहात फिरत आला.

2009 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याआधीच अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आली होती. पैसा आणि तासिका यांची तजवीज झाली. तरीही खुल्या मौखिकीला मागच्या बाकावर बसून परीक्षकांचे प्रश्न उतरवून घेणारे नवे संशोधक आजही दिसतात. ती वही पुढल्या उमेदवाराच्या हाती जाते. विभागाच्या ग्रंथालयात तिची नोंद नसते.