देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी केली आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळत राहिले.

त्यांचा एक खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. १९०५ घेऊ: ९५१० - ०१५९ = ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुढे गाडी हलतच नाही! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम हाच.

आठवीच्या वर्गाला मी हे द्यायचो. प्रत्येकाची संख्या वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचे बघून लिहायची सोय नाही. शिवाय प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत यायलाच हवी. नाही आली, तर हातचा चुकला! लाल शाईची वाट न पाहता मूल आपली चूक आपणच शोधते. वजाबाकीला घाबरणारी पोरेसुद्धा त्या तासाला न कुरकुरता पानेच्या पाने भरत.

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी कापरेकरांचे काम सुरुवातीला गांभीर्याने घेतले नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. मला मात्र वाटते, हा पोरखेळच आहे, म्हणून तर तो वर्गात चालतो.

मंडळी, नातवंडांच्या जन्मवर्षापासून सुरुवात करून पाहा. किती पायऱ्या लागल्या, ते जरूर कळवा.