मैदान कोणाचे?
मुंबईतील एका जुन्या तंट्याची हकीकत

आमच्या नाशकात ज्यास आपण सारे गोल्फ क्लबचे मैदान म्हणतो, त्याचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. गोल्फ हा साहेब लोकांचा खेळ. आणि ज्या तरुणाचे नाव मैदानास मिळाले, त्याने दि. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच शहरातील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या व १९ एप्रिल १९१० रोजी तो ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. एकाच जागेस ही दोन नावे चिकटलेली पाहिली म्हणजे मनात असा प्रश्न येतो की, गावातील मोकळ्या जागेवर हक्क कोणाचा, आणि तो ठरवावयाचा कोणी? हा प्रश्न मुंबईस एकदा चांगलाच लढविला गेला. निमित्त होते क्रिकेट आणि पोलो या दोन खेळांचे.

मुंबईच्या किल्ल्याच्या तटाबाहेरची जमीन इंग्रजांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती. तोफांच्या माऱ्यास आडोसा नको, एवढाच त्यातील हेतू. या जमिनीस एस्प्लनेड म्हणत. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत तट पाडले गेले, रस्ते झाले, मोठमोठ्या इमारती उठल्या. तथापि ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज या नावांनी त्या एस्प्लनेडचे तुकडे आजही शिल्लक आहेत. तोफांकरिता राखलेली जागा अशा रीतीने पोरांच्या वाट्यास आली, हे मुंबईकरांचे भाग्यच म्हणावयाचे.

या जागेवर पारशी मुले क्रिकेट खेळू लागली. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. मागाहून हिंदू व मुसलमान तरुणही आले. क्लब म्हणजे इमारत नव्हे, कुंपण नव्हे. एक तंबू, थोडी वर्गणी आणि डोक्यावर ऊन. १८७५ साली याच मैदानाच्या दक्षिण टोकास बाँबे जिमखान्याची स्थापना झाली. तो केवळ युरोपियनांचा. त्यांस स्वतःचे राखीव व उत्तम निगा ठेवलेले क्रिकेटचे हिरवळीचे अंगण होते. परंतु त्यांच्यापैकी मूठभर मंडळींस पोलोचाही नाद होता, आणि पोलोकरिता त्यांनी घोडी नेली ती एतद्देशीयांच्या क्रिकेटच्या जागेवर!

ज्याने कधी बॅट हाती धरली आहे त्यास यातील दुःख सांगावयास नको. पावसाळ्याअखेरीस जमीन मऊ असते. तीवर दहावीस तट्टे भरधाव दौडली म्हणजे खुरांनी हिरवळ उखडते, खळगे पडतात, आणि तेच पुढे उन्हाने वाळून दगडासारखे होतात. मग चेंडू कोठे टप्पा घेईल आणि कोणाच्या तोंडावर येईल याचा नेम नाही. विशेष हे की, जिमखान्याने स्वतःच्या क्रिकेटच्या हिरवळीवर घोड्यास पाऊलही टाकू दिले नसते. म्हणजे घोड्याने जमीन बिघडते हे त्यांस पक्के ठाऊक होते.

शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी या प्रकरणी पुढाकार घेतला. ऑक्टोबर १८८१ मध्ये चारशेहून अधिक खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांजकडे गेला. त्या काळी चारशे तरुणांनी राज्यकर्त्यांच्या क्लबाविरुद्ध सही करावयाची, आणि तीही काँग्रेसच्या स्थापनेस चार वर्षे अवकाश असताना, ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही. अर्जास यश आले. १८८२ साली पोलो कूपरेजवर हलविण्याचा हुकूम झाला. परंतु कूपरेजची जागा आपल्या खेळास योग्य नाही अशी तक्रार जिमखान्याने केली, आणि थोड्याच काळात घोडी पुन्हा पूर्वस्थळी आली. हुकूम कागदावर होतो, कागदावरच फिरतो. खुरांचे खळगे तेवढे जमिनीवर राहतात.

पुन्हा अर्ज, पुन्हा विनंत्या. मध्यंतरी पारशी संघ १८८६ व १८८८ साली विलायतेस जाऊन खेळून आला. जानेवारी १८९० अखेर तर मुंबईत आलेल्या व्हर्ननच्या इंग्लिश संघाचा पारशांनी पराभव केला. ज्यांस बरी जमीन मिळू दिली जात नव्हती, त्यांनी हा विजय मिळविला. याच वर्षी लॉर्ड हॅरिस गव्हर्नर होऊन आले. ते स्वतः इंग्लंडच्या संघाचे कप्तान राहिलेले. हिंदी क्रिकेटचे जनक म्हणून त्यांचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. मला ते अतिशयोक्तीचे वाटतात. तंट्याचा शेवट झाला तो पोलो हटवून नव्हे, तर समुद्र हटवून. भराव घालून तयार केलेल्या किनाऱ्यावर पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांस शेजारी शेजारी जागा मिळाल्या. हिंदू जिमखाना १८९४ सालचा. पण सोय झाली ती जातवार आणि वर्गणीदारांची. ज्यास जिमखान्याची पायरी चढणे शक्य नव्हते, तो गिरगावचा कारकून किंवा परळचा गिरणी कामगार मैदानावरच राहिला.

जागा मिळाली म्हणजे सर्वांस मिळाली असेही नाही. पळवणकर बाळू यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यावर ते खेळपट्टीची निगा राखीत आणि साहेबांना गोलंदाजी करीत. पुढे हिंदू संघाने त्यांस घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चाले, परंतु चहाच्या वेळी त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा देण्यात येई. त्यांचेच बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कप्तान झाले, याला मात्र पुष्कळ झगडावे लागले. इकडे बाँबे जिमखान्याच्या हिरवळीवर डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथ यांनी शतक काढले, लोकांनी मैदान डोक्यावर घेतले. आणि त्या संस्थेचे सभासदत्व तेव्हाही हिंदी माणसास खुले नव्हते.

आता पोलोची घोडी नाहीत. त्यांच्या जागी मांडवाचे खांब आले आहेत. मी शिक्षक असताना मुलांना कवायतीस एका मोकळ्या जागेवर नेत असे. कित्येकदा तेथे कोणाचे तरी प्रदर्शन नाहीतर लग्न असावयाचे. आणि ते उठून गेल्यावर खांबांचे खड्डे, खिळे व पत्रावळी आमच्या वाट्यास येत. परवानगी घेतली होती, भाडे भरले होते, असे उत्तर मिळे, आणि ते खोटेही नसे. पण खड्डा बुजविण्याचे कलम वाचले कोणी? ज्याचा अर्ज असतो त्याची तारीख वहीत चढते. रोज संध्याकाळी चेंडू घेऊन येणाऱ्या दहा पोरांचा अर्ज कधीच नसतो.

कायदे अगदीच नाहीत असे नव्हे. ध्वनिवर्धकास रात्री दहा ते सकाळी सहा बंदी करणारे नियम २००० सालचे आहेत. दादरचे शिवाजी पार्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली शांतता क्षेत्र ठरविले, तेही आसपासच्या रहिवाशांनी दाद मागितल्यावर. उद्यानातील झाड तोडणाऱ्यास १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आडवा येतो. फुले तोडू नका ही पाटी मात्र आपण गुलशनाबादकर अजून अलंकार म्हणूनच वाचतो.

आमच्या कान्हेरे मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र व बडोदा यांचा रणजी सामना झाला. मुंबईच्या आझाद मैदानावर तर एकाच वेळी इतके सामने चालतात की, एका सामन्यातील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाशेजारी उभा असतो. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात याच मैदानांवर खेळली जाऊ लागली. शापूरजींनी पोलोच्या तंट्याची सारी हकीकत १८९७ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ज्या जमिनीकरिता ते भांडले, ती याच भागातली.