गुरुजींचं हातानं लिहिलेलं दैनिक

आमच्या एरंडोलहून पारोळ्यामार्गे गेलं की अमळनेर तसं जवळच. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० शिकवलं. म्हणजे उणीपुरी सहा वर्षं! लोकांना 'श्यामची आई' आठवते, मला मात्र राहून राहून त्यांचं 'छात्रालय' दैनिक आठवतं.

वसतिगृह त्यांच्याकडे होतं. दिवसा वर्ग घ्यायचे, मुलांच्या खोल्या आवरायच्या आणि मुलांना वाचायला चांगलं काही मिळावं म्हणून हे दैनिक चक्क हातानं लिहून काढायचं. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही काढलं. यातलं काहीच शाळेच्या वेळापत्रकात नव्हतं.

पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं लिहून घेतली गुरुजींनीच. शिकवणारा माणूस तिथे पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. मला वाटतं, जो स्वतः मन लावून ऐकतो, त्याचंच मुलं ऐकतात.

आज आपण शिक्षकांना उत्तेजन देतो ते ५ सप्टेंबरला, गुलाबाचं फूल देऊन. वर निवडणुकीची, जनगणनेची कामं आहेतच. मग दैनिक लिहायला वेळ उरणार कधी? सत्कार राहू द्या, आधी त्यांचा वेळ त्यांना परत द्या.

आणि आपण पालकांनी? 'किती मार्क मिळाले?' याच्या आधी 'आज सरांनी काय सांगितलं?' असं विचारावं. मुलाचे डोळे चमकले, तर ते सरांना जाऊन सांगावं. एवढं तर जमेल ना?