प्लेगच्या वहीत न नोंदलेली माणसे

४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. साथ रोखण्यासाठी हवे ते नियम करण्याचा अधिकार दुसऱ्या कलमाने दिला, नियम मोडणाऱ्याला तिसऱ्याने शिक्षा सांगितली आणि या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असे चौथ्याने बजावले. इस्पितळात नेलेल्या रुग्णाला काय मिळाले पाहिजे, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला लागण झाली किंवा कुणी त्याच्यावर हात उगारला, तर पुढे काय, याबद्दलही नव्हता.

हा कायदा सर्वांत कठोरपणे भोगला तो आपल्या पुण्याने. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर रँड, गोऱ्या सोल्जरांच्या झडत्या, २२ जूनची गणेशखिंड आणि चापेकर बंधू, हा भाग शाळेत सगळेच शिकतात. पण त्याच महिन्यांत इस्पितळाच्या आत काय चालले होते? सरकारी नोंदीत घरे किती तपासली, रुग्ण किती सापडले, किती दगावले, याचे आकडे होते. लोक मात्र इस्पितळाचे नाव काढले की रुग्ण लपवत होते. माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, कुठेही. लपवलेला माणूस सापडेपर्यंत अखेरच्या अवस्थेला पोचलेला असे. त्याला इस्पितळात नेले की तो तिथे मरे. मृत्यू इस्पितळाच्या नावावर पडे, आणि ते पाहून शेजारची चार घरे आपले रुग्ण लपवत. आकडा खरा होता, पण तो इस्पितळातल्या उपचाराबद्दल फारसे काही सांगत नव्हता. बाहेरच्या भीतीबद्दल मात्र पुष्कळ सांगत होता.

आकड्याचा हा पेच नवा नव्हता. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६३ साली लंडनच्या २४ इस्पितळांचा मृत्युदर शेकडा ९०.८४ असा छापला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या आकड्यात वर्षभरातले मृत्यू एका दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. भागायचे कशाने, यावरच सगळे अवलंबून असते. तरीही बाईंचा मूळ आग्रह योग्य होता. सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंद ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल, असे त्या सांगत होत्या. याच बाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी हिंदुस्थानातील आरोग्याच्या प्रश्नांवर पत्रव्यवहार होता.

त्याहून हजार वर्षे मागे गेलो तर रय आणि बगदादच्या बीमारिस्तानांचे प्रमुख राहिलेले अबू बकर अल-राझी भेटतात. 'सरसाम' या मेंदूच्या विकारात रक्त काढण्याचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही. आपल्या रुग्णांची टिपणेही ते लिहून ठेवत. उपचार चांगला की वाईट, हे हकिमाच्या नावलौकिकावर न सोडता रुग्णाच्या नोंदीवरून ठरवायचे, ही रीत आपल्या वारशात आहे. नुसते त्यांचे नाव घेऊन अभिमान बाळगण्यापेक्षा ती रीत उचलणे जास्त कामाचे.

पुन्हा पुण्यात येऊ. मे १८९७मध्ये पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात लिहून प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांच्या सुरक्षिततेकडे होणाऱ्या दुर्लक्षावर बोट ठेवले. सरकारने आरोप फेटाळले. पण फेटाळताना सरकारने समोर काय ठेवले असते? रुग्ण स्त्री कुठे ठेवली, तिच्याजवळ रात्री कोण होते, तिने काय तक्रार केली, याची वही कोणी ठेवण्याची पद्धतच नव्हती. एका बाजूला आरोप, दुसऱ्या बाजूला इन्कार, आणि मध्ये कागद नाही. अशा ठिकाणी अफवा फोफावते.

आता सेवा करणाऱ्यांकडे पाहू. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरजवळच्या सासाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांचे नाव उरले, कारण त्या सावित्रीबाई होत्या. पण त्या साथीत डोल्या वाहणारे, मैला उचलणारे, कपडे उकळणारे, मृतदेह हलवणारे किती गेले? त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

आणि हल्ले? २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. ९ मार्च १८९८ रोजी जुलाहा विणकरांच्या वस्तीत बारा वर्षांच्या एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली आणि त्यात माणसे मेली. हे विणकर आपल्याच समाजाचे. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मुलगी कुठे नेणार, आई सोबत राहील का, मेली तर दफन कोण करणार, याचे उत्तर त्यांना कोणी दिले होते? त्याच काळात जमातीजमातींनी मुंबईत स्वतःची प्लेग-इस्पितळे काढली, पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी वेगळे इस्पितळ निघाले, आणि तिथे लोक आपण होऊन जाऊ लागले. तिसऱ्या आगाखानांनी हाफकिनची लस जाहीरपणे टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. आजार तोच होता. फरक विश्वासाचा होता.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधतो. उर्दूत रुग्णसेवेला 'तीमारदारी' म्हणतात. फारसीत 'तीमार' म्हणजे काळजी, आणि चिंताही. रुग्णाची काळजी वाहणारा स्वतः काळजीत असेल, तर तो काय सेवा करणार? चोवीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर, चाळीस खाटांमागे एकटी असलेली नर्स, हातमोज्यांविना सुया गोळा करणारा सफाई कामगार, यांची असुरक्षितता शेवटी रुग्णाच्याच अंगावर येते. आणि रुग्णाची हेळसांड झाली की नातेवाइकांचा राग याच माणसांवर निघतो. म्हणून या दोन वेगळ्या वह्या नव्हेत.

कायद्याला हे कळायला फार वर्षे लागली. महाराष्ट्राने २०१० साली इस्पितळांतील हिंसेविरुद्ध कायदा केला. १८९७च्या कायद्यात आरोग्यसेवकांचे संरक्षण आले ते २०२०च्या एप्रिलमधील अध्यादेशाने, म्हणजे १२३ वर्षांनी. त्यानुसार हल्लेखोराला तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे २०२१मध्ये महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची अट आली. राज्यातील पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्या दिवसांत आझम कॅम्पसने आपल्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली, ही गोष्ट १८९८च्या दंगलीशेजारी ठेवून वाचावी.

कायदे झाले, पण वही कोण पाहणार? आपल्या मोहल्ल्यात ट्रस्टचे दवाखाने आहेत, जकातीच्या पैशांतून उपचाराला मदत होते. आपण देणगीची पावती मागतो. त्यासोबत आणखी चार गोष्टी विचारायला हव्यात. शस्त्रक्रियेनंतर किती जणांना जंतुसंसर्ग झाला? खाटेवरून किती रुग्ण पडले? किती कर्मचाऱ्यांना सुई टोचली? रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण असतात? ज्या दवाखान्यात या प्रश्नांना तोंडी नव्हे, लेखी उत्तर मिळेल, तिथे पैसाही द्यावा आणि आपला माणूसही न्यावा.