कुलाब्याहून कुलाब्यास

आम्हां मुरुडकरांना इतिहास म्हटला की जंजिरा दिसतो. सिद्दी, त्याच्या तोफा, किल्ला घेण्याचे फसलेले प्रयत्न, यांवर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. तीत मी आणखी थेंब टाकू इच्छीत नाही. मला सांगावयाचा आहे तो इतिहास मुरुडहून अलिबागेस जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्यात तलवार नाही, तोफ नाही. आहे तो एक टांगलेला लोहचुंबक आणि त्याच्या हालचालींची वही. पण या वहीचा धागा थेट सूर्याच्या प्रभामंडलाशी जाऊन भिडतो.

काशीद, कोर्लई, रेवदंडा, चौल मागे टाकले की अलिबागेच्या अलीकडे नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्यांचे हे गाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे जन्मगाव. टिळक-आगरकरांचे गणिताचे गुरू केरूनाना ते हेच. पुण्यास नावारूपाला येण्यापूर्वी, मिसरूडही न फुटलेल्या वयात ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीस लागले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली होती. पण पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध तेथे सुरू झाले ते १८४१ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्लिबार यांच्या हातून. तेथे नागावच्या या मुलाने सुमारे दहा वर्षे वेध घेतले. पुढेही सूर्यावरील डाग आणि आपले पाऊसपाणी यांचे काही नाते असेल काय, हा प्रश्न केरूनानांच्या मनातून गेला नाही. वेध घेणाऱ्या माणसाचे हे लक्षण आहे. आकडे लिहून तो मोकळा होत नाही.

आता या कामाचे मोल कशात? १ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदाला सूर्यावरील डागांच्या एका पुंजक्यावर एकाएकी लखलखाट दिसला. तो पाच मिनिटांत मावळला. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. तारायंत्रे बिघडली, ध्रुवप्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत उतरला. युरोपातील कित्येक वेधशाळांत कागदावर उमटणारी रेषा कागदच सोडून गेली. कुलाब्यास तेव्हा यंत्राने आपोआप नोंद होत नव्हती. दुर्बिणीला डोळा लावून माणूस आकडा वाची व लिही. चुंबक बेफाम झालेला पाहताच तेथील मंडळींनी तासातासाची शिस्त सोडून पाच-पाच मिनिटांनी आकडे घेतले. म्हणून २ सप्टेंबरच्या सकाळी अकराच्या सुमारास मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे मूळच्या सुमारे चार टक्क्यांनी खाली गेले, हे आज आपल्याला ठाऊक आहे. २००३ साली भारतीय, अमेरिकन व ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी या जुन्या आकड्यांवर निबंध लिहिला, तेव्हा जगाला त्या वहीची किंमत कळली.

मुंबईचे अक्षांशही येथे कामी आले. अशा वादळात विद्युद्भारित कणांचा एक प्रवाह विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीभोवती कड्यासारखा वाहू लागतो आणि तो पृथ्वीच्या चुंबकत्वाला विरोध करतो. ध्रुवांजवळच्या ठिकाणी इतर प्रवाहांचा कल्लोळ फार. मुंबईसारख्या ठिकाणी या कड्याचे माप तुलनेने स्वच्छ मिळते.

वहीला खरा धोका आला तो विजेच्या ट्रामचा. मुंबईत विजेवरच्या ट्रामा येणार हे ठरले आणि वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच पडला. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज चुंबकाला क्षणभर स्वस्थ बसू देणार नाही. शहराची सोय अडवता येत नव्हती, आणि साठ वर्षांची मालिका तोडणे हा अपराध ठरला असता. मूस यांनी अलिबाग निवडली. लोखंड वर्ज्य करून इमारत उभी राहिली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, म्हणजे जुने आकडे नव्याशी जुळवून घेता यावेत. मग कुलाब्याचे चुंबक थांबले, आणि १९०७ मध्ये ट्राम धावली. गंमत अशी की मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा आली तीही कुलाब्यासच. अलिबागसमोरच्या किल्ल्याचे नाव कुलाबा, आणि आमच्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत तेच होते. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या वेधांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध केले.

सूर्याचा आणि या वादळांचा संबंध मात्र विद्वानांना लवकर पटला नाही. १८९२ साली लॉर्ड केल्विनसारख्यांनी गणित मांडून तो अशक्य ठरवला होता! १९०८ मध्ये हेल यांनी सूर्याचे डाग ही प्रबळ चुंबकत्वाची ठिकाणे आहेत हे सिद्ध केले, तेव्हा वारे फिरले.

येथे कोकणातलीच दुसरी एक गोष्ट आठवते. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने तेथून हेलियम शोधला असे सांगतात. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होते. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. त्यांना मात्र कोणी ओटा बांधला नाही.

ग्रहणात सूर्याभोवती जे मोतिया तेज दिसते, ते प्रभामंडल. त्याच्या वर्णपटात १८६९ साली एक हिरवी रेषा आढळली; ती कोणत्याच परिचित मूलद्रव्याशी जुळेना. सत्तर वर्षांनी ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी कोडे उलगडले. ती रेषा लोखंडाची होती. पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. असे व्हावयास दहा-वीस लाख अंश उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांचाच! चुलीपासून दूर जावे आणि धग वाढत जावी, तसा हा प्रकार. थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे उष्णता आपण होऊन जात नाही. तेव्हा ही शक्ती दुसऱ्या वाटेने वर जात असली पाहिजे. ती वाट चुंबकत्वाची. आल्फवेन यांनी १९४२ मध्ये चुंबकीय बलरेषांवरून धावणाऱ्या लाटा सुचवल्या. पार्कर यांनी १९८८ मध्ये असंख्य बारीक स्फोटांची कल्पना मांडली. आमच्या कोळ्यांच्या जाळ्याचे दोर जसे हेलकाव्यांनी पीळ खात गुंततात, तशा बलरेषा खालच्या उकळीने गुंततात. ताण असह्य झाला की तुटून नव्याने जुळतात, आणि साठलेली शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. लाटांचा वाटा किती आणि स्फोटांचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. १८५९ चा लखलखाट याच जातीचा, पण अतिप्रचंड.

तो वाद मिटवण्यासाठी पार्करांच्या नावाचे यान २०२१ मध्ये प्रभामंडलात शिरले. आपले आदित्य-एल१ निघाले २ सप्टेंबर २०२३ रोजी. कुलाब्याच्या त्या सकाळला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षे झाली होती. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’त घडली, आणि पंधरा लाख किलोमीटरांवर त्याच्यासोबत एक चुंबकमापकही आहे. मे २०२४ मध्ये सूर्य खवळला, लडाखच्या हानले येथे आकाश तांबडे झाले, तेव्हाही आमच्या अलिबागेच्या यंत्रांनी नोंद घेतली.

अलिबागेस येणारे प्रवासी ओहोटी साधून किल्ल्यात जातात, आणि गेलेच पाहिजे. वेधशाळेत पाहण्यासारखे थोडेच. पण नागावच्या मुलाने, नाव न राहिलेल्या वेधकऱ्यांनी आणि मूस यांनी पावणेदोनशे वर्षे तुटू न दिलेली ही मालिका आमच्या जिल्ह्याची मोठी मिळकत आहे. पुढचे १८५९ येईल तेव्हा तारायंत्रांऐवजी वीजपुरवठा आणि उपग्रह पणाला लागतील. त्याचा अंदाज बांधणाऱ्यांना ही जुनी पाने उघडावीच लागतील.