‘वर चढलास का?’ : आर्टिकलशिपच्या पहिल्या आठवड्यांमागचा इतिहास

आजचा एपिसोड थोडा धुळीचा आहे. हळदीच्या धुळीचा. ऐकताना शिंक आली तर दोष माझा.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सीएची आर्टिकलशिप सुरू केली. सांगलीतली एक छोटी फर्म, आणि महिना मार्चचा. मार्चमध्ये सीएच्या ऑफिसात नवीन पोरगा म्हणजे लग्नघरात आलेला कुरिअरवाला. सगळे बघतात, कुणी बस म्हणत नाही. मला झेरॉक्स मशीनच्या शेजारी एक खुर्ची मिळाली आणि गेल्या वर्षीची एक जाडजूड फाइल. “वाच.” दोन दिवस वाचली. काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी व्हाउचिंग सुरू झालं. म्हणजे काय, तर पुस्तकातली नोंद बघायची, तिचं बिल किंवा व्हाउचर शोधायचं, तारीख, रक्कम, नाव, सही बघायची, जुळलं की हिरव्या पेनने टिक. पुढची नोंद. टिक. आठवडाभरानं आईनं विचारलं, “काय काय शिकलास रे?” मी म्हटलं, “टिक मारायला.”

आमची सिनियर ताई आकडा मोठ्याने वाचायची आणि मी बिल बघून टिक करायचो. तेव्हा वाटायचं, एवढ्यासाठी परीक्षा दिल्या? खरं तर या कामाचं नावच त्या वाचण्यात लपलंय. ‘ऑडिट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदावरून आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जहागिरीचे हिशेब मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्याने ते ऐकून तपासायचे, अशी पद्धत होती. म्हणजे ऑडिटर हा मुळात श्रोता. तुम्ही आत्ता कानात इअरफोन घालून करताय तेच, फक्त त्याला समोरच्यावर थोडा संशय घ्यावा लागायचा.

आता त्या झेरॉक्सशेजारच्या खुर्चीबद्दल. स्टाइपेंडवरून आपण सगळे कुरकुरतो, मीही भरपूर कुरकुरलोय. पण एकेकाळी इंग्लंडमध्ये ही खुर्ची विकत घ्यावी लागायची. तिथल्या सनदी लेखापालांच्या संस्थेला 1880 मध्ये शाही सनद मिळाली. ‘आर्टिकल’ म्हणजे शिकाऊ उमेदवार आणि त्याचा गुरू यांच्यातल्या कराराची कलमं. त्यावरूनच ‘आर्टिकल्ड क्लार्क’. करार साधारण पाच वर्षांचा, पदवीधराला तीन. आणि पोराच्या बापाने फर्मला ‘प्रीमियम’ नावाची घसघशीत रक्कम मोजायची. शिकायचं, राबायचं आणि वर पैसेही द्यायचे! साहजिकच खुर्चीवर कोण बसणार हे आधीच ठरलेलं असायचं. बायकांना तर पैसे असूनही दार बंद. मेरी हॅरिस स्मिथ लंडनमध्ये स्वतःच्या नावाने हिशेबतपासनीस म्हणून व्यवसाय करत होत्या. 1891 मध्ये त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. मिळालं कधी? 1920 मध्ये, कायदा बदलल्यावर. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

आपल्याकडे ही वाट मुंबईतून निघाली. 1913 च्या कंपनी कायद्याने ऑडिटर कोण होऊ शकतो याची पात्रता पहिल्यांदा ठरवली. 1918 मध्ये मुंबईत गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जीडीए, सुरू झाला. डिप्लोमा आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी, मग प्रमाणपत्र. 1933 मध्ये हीच परीक्षा पास झालेल्या मद्रासच्या आर. शिवभोगम या भारतातल्या पहिल्या महिला अकाउंटंट. त्याआधी स्वातंत्र्य चळवळीत त्या तुरुंगात जाऊन आल्या होत्या. 1 जुलै 1949 ला आपली सीए इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज आर्टिकलकडून प्रीमियम, कर्ज किंवा डिपॉझिट घ्यायला नियमानेच बंदी आहे, उलट स्टाइपेंड देणं बंधनकारक आहे. तो किती, यावर वेगळा एपिसोड करू. रडायला सगळे या.

तर मार्च संपत आला. 31 तारखेला ताई म्हणाली, “उद्या जुने कपडे घालून ये.” एका हळद व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायचा होता. सीझन ऐन भरात, पत्र्याच्या छपरापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. ताईनं मला मागचा भाग दिला आणि ती पुढे गेली. गोडाऊन कीपर काका फार चांगले. त्यांनी चहा मागवला, खुर्ची दिली आणि थप्पीवार पोत्यांची यादी पुढे ठेवली. “कशाला धुळीत जाताय? सगळं लिहिलंय बघा.” मी खालून पाहिलं. थप्पी होती. यादीत थप्पी होती. मी आकडे शीटवर उतरवले. वीस मिनिटांत काम फत्ते.

ताई आली, माझे कपडे बघितले. पांढरा शर्ट पांढराच होता. तिनं एवढंच विचारलं, “वर चढलास का?”

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. 1896 मध्ये इंग्लंडमध्ये किंग्स्टन कॉटन मिलचा खटला गाजला. मिलच्या मॅनेजरने कापूस आणि सुताचा साठा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला होता. ऑडिटरनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. कोर्टाने ऑडिटरना दोषी धरलं नाही. साठा मोजणं हे ऑडिटरचं काम नाही, संशयाला जागा नसेल तर त्याने जबाबदार माणसाच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही, तो राखणीचा कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे, असा एकूण सूर. पुढची चाळीसेक वर्षं ऑडिटर बहुतेक माझ्यासारखेच खुर्चीत बसून यादी उतरवत राहिले. धंद्याची रीतच तशी होती.

मग आला फिलिप म्युझिका. न्यूयॉर्कच्या या माणसाने आधी चीजच्या आयातीत कस्टमला फसवून तुरुंग पाहिला होता. नंतर त्याच्या कुटुंबाने केसांचा धंदा काढला, टोपांसाठी लागणारे बायकांचे लांब केस. त्या मालावर बँकांकडून कर्जं उचलली. 1913 मध्ये खोकी उघडली तर आत कवडीमोलाचा कचरा. एवढं झाल्यावरही हा माणूस नाव बदलून एफ. डोनाल्ड कॉस्टर झाला आणि 1926 मध्ये त्याने मॅकेसन अँड रॉबिन्स ही जुनी औषध कंपनी ताब्यात घेतली. त्याचे तीन भाऊही खोट्या नावांनी या खेळात सामील होते. कॅनडातल्या गोदामांमध्ये कच्च्या औषधी मालाचा मोठा साठा आहे, असं कंपनीची पुस्तकं सांगत होती. माल नव्हताच. पण ऑर्डरी होत्या, बिलं होती, पोचपावत्या होत्या. ऑडिटर होते प्राइस वॉटरहाऊस, त्या काळातली नामांकित फर्म. त्यांच्या मुलांनी टिका मारल्या त्या बरोबरच होत्या हो! कागद कागदाशी जुळत होता. कुणी कॅनडातल्या गोदामात जाऊन पाहिलं नाही, एवढंच.

डिसेंबर 1938 मध्ये फुगा फुटला. सुमारे 8 कोटी 70 लाख डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळपास 1 कोटी 90 लाख डॉलर फक्त कागदावर होते, त्यातला निम्म्याहून अधिक ‘स्टॉक’. अटक करायला लोक दारात आले तेव्हा कॉस्टरने स्वतःला गोळी घातली. 1939 मध्ये अमेरिकेतल्या लेखापालांच्या संस्थेने नवी पद्धत मान्य केली: साठ्याची मोजणी होत असताना ऑडिटरने जागेवर हजर राहायचं आणि देणेकऱ्यांकडून येणं थेट पत्राने पडताळायचं. आज आपल्याकडच्या ऑडिटच्या मानकांतही मोजणीला हजर राहण्याची आणि बाहेरून थेट खात्री करून घेण्याची तरतूद आहे. माझ्यासारख्या पोरांना 31 मार्चला गोडाऊनमध्ये पाठवतात ते यामुळे.

त्या थेट पत्रांचंही असंच. बँकेकडून शिल्लक खात्री करून घेण्याची पत्रं टाइप करणं हे माझं आणखी एक ‘फालतू’ काम होतं. एका क्लायंटचे अकाउंटंट म्हणाले, “द्या इकडे, मी बँकेत जातोच आहे, सही-शिक्का घेऊन येतो.” मी देऊनही टाकली असती. ताईनं पत्रं परत घेतली, आम्ही ती स्वतः पाठवली आणि उत्तराचा पत्ता आमच्या ऑफिसचा ठेवला. मला हा अविश्वास उद्धट वाटला होता. मग तिनं सत्यम सांगितलं. 7 जानेवारी 2009 ला रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीच्या ताळेबंदातली रोख आणि बँकेतली 5,040 कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नाही. पोती निदान दिसतात तरी. बँकेतला पैसा हा फक्त कागदच असतो, मग तो कागद कुणाच्या हातून आला हे बघायला नको?

हे सगळं मला त्या दिवशी गोडाऊनमध्ये माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की काका नजर टाळतायत आणि ताई शिडीकडे बघतेय. काका बिचारे चोर नव्हते, पण ते मला कसं कळणार होतं? मी वर चढलो. थप्पी मधून पोकळ असू शकते, हे ताईनं खालून ओरडून सांगितलं, म्हणून ओळी मोजत, मधली पोती पायाने दाबत गेलो. दीड तास लागला. यादीपेक्षा 12 पोती कमी निघाली. काकांनी डोक्याला हात लावला. सकाळी एक टेम्पो भरून गेला होता आणि यादी आदल्या रात्रीची होती. ताईनं जावक चलन मागितलं, टेम्पोचा नंबर, वेळ, सही तपासली. बरोबर 12 पोती.

घरी गेलो तर आईनं दारातच अडवलं. शर्ट, केस, कान, सगळं पिवळं. “नवरदेव कुठला तू,” म्हणाली आणि हसत सुटली.

माझी पहिली शीट ताईनं फाडली नव्हती. तिच्यावर तिरकी रेघ मारून, खाली माझ्याच हातानं नवीन आकडे लिहून घेतले, शेजारी वेळ आणि सही. रिमार्कच्या रकान्यात काय लिहू, विचारलं तर म्हणाली, “जे केलंस ते लिही.” मी लिहिलं, ‘वर चढून मोजले.’