रसदीचं लाकूड

जबलपूरच्या सदर भागातल्या कॉफी हाऊसमध्ये भाच्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "बघ आत्या, तुझ्या लाइनीतलं काम." त्याला मोटार घ्यायची आहे आणि तिचा किलोमीटरमागे खर्च किती येईल, ते त्याने तक्त्यात मांडलं होतं. पेट्रोल, विमा, कर्जाचा हप्ता, टायर, सर्व्हिसिंग आणि घसारासुद्धा. घसारा धरलेला पाहून मला पोराचं कौतुक वाटलं. मी इथल्या वाहन कारखान्याच्या कॉस्टिंग शाखेत 31 वर्षं काढली. मटेरियल, लेबर, ओव्हरहेड. जोंगा या लष्करी गाडीच्या बोल्टालासुद्धा आमच्या कार्डावर किंमत असायची. तक्त्याची बेरीज बरोबर होती. तरी मी विचारलं, "यात लाकूडवाले कुठे आहेत रे?"

आत्याचं वय झालं, असा चेहरा करून त्याने दुसरी कॉफी मागवली.

लाकूडवाले मला भेटले ते निवृत्तीनंतर, विल्यम स्लीमनच्या पुस्तकात. ठगांचा बंदोबस्त करणारा साहेब म्हणून जबलपुरात त्याचं नाव पोरासोरांनाही ठाऊक असतं. ठगांनी फास देऊन मारलेले वाटसरू ही त्या काळच्या प्रवासाची सगळ्यात भयंकर किंमत. पण ती मोजणारा निदान कुणीतरी होता. स्लीमनने माफीचे साक्षीदार बोलते केले, पुरलेली प्रेतं उकरून काढली, टोळ्यांच्या याद्या केल्या. त्याच माणसाने त्याच रस्त्यांवरचा आणखी एक खर्च टिपून ठेवला आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. कारण त्यात रक्त नाही, गुन्हा नाही, नुसता हिशेब आहे.

20 नोव्हेंबर 1835 च्या सकाळी तो जबलपुराहून निघाला आणि दहा मैलांवर बघौरीला आला. पूर्वी या जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता, तेव्हा 1830 मध्ये त्याने याच जागी काही लाकूडविक्ये बसवले होते. सरकारी खजिन्यातून त्यांना कर्जही दिलं होतं. त्यामागे कारण होतं. पलटण नाहीतर साहेब रस्त्याने निघाला, की मुक्कामाचं जळण भोवतालच्या गावांनी आणून द्यायचं, तेही फुकट. ही रसद. आपल्याकडच्या वेठबिगारीची सख्खी बहीण. मुक्कामावर दुकान असलं तर साहेब लाकूड विकत घेईल आणि गावं सुटतील, असा स्लीमनचा विचार. पाच वर्षांनी येऊन बघतो तर दुकानांचा पत्ता नाही. त्याची पाठ वळल्यावर एका देशी अंमलदाराने साहेबलोकांची मर्जी आणि शिफारसपत्रं मिळवायला, वाटेने जाणाऱ्या दोन पलटणींना सांगून टाकलं की या वखारींतून हवं ते उचला, पैसे नकोत. वखारी बसल्या. कर्ज मात्र त्या गरिबांच्या नावावर उरलं असणार. रसद पुन्हा गावांच्या डोक्यावर आली.

पुढची हकिगत तर एखाद्या फार्सात शोभेल. साहेबाला पैसे द्यायचे असले तरी ते पोचत नाहीत. लाकूडवाले सकाळी तंबूपाशी येतात. नोकर त्यांना दटावतात, न्याहारीआधी साहेब वाघ असतो, जवळ गेलात तर खाईल. आत जाऊन साहेबाला सांगतात, ही माणसं आंघोळ-जेवण उरकल्याशिवाय पैसे न्यायला यायची नाहीत. न्याहारी झाली की साहेब खुशीत येतो आणि पैसे चुकते करायचं काम खानसाम्यावर सोपवतो. खानसामा बाहेर येऊन म्हणतो, अजून हुकूम नाही. दुपार कलते तशी ती माणसं उपाशीपोटी घरची वाट धरतात.

मी हे वाचलं ते कॉस्टिंगवालीच्या डोळ्यांनी. साहेबाच्या त्या दिवशीच्या वहीत जळणाचा खर्च काय लागला असेल? शून्य. लाकूड तर जळलं, स्वयंपाक झाला, प्रवास पुढे सरकला.

पुढे रेल्वे आली. मार्च 1870 मध्ये जबलपूरला लॉर्ड मेयोच्या हस्ते मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्गाचा सांधा जुळला. इटारसीकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला आली, अलाहाबादकडून ईस्ट इंडियन. पलटणींचे पायी मुक्काम ओसरले, त्याबरोबर गावांवरची रसदही. हे रेल्वेच्या पुण्याच्या बाजूला लिहायलाच हवं. पण रुळांखाली स्लीपर लागतात आणि ते लाकडाचे. साल, साग, देवदार अशी देशभरची वनं त्यापायी पडली. लाकूड संपेल की काय, या धास्तीतूनही 1864 मध्ये सरकारने जंगलखातं उभारलं. पुढे जंगलं राखीव झाली. मोठी झाडं रुळांखाली गेली होती, आणि सरपणाच्या मोळीसाठी रानात शिरलेल्या गोंड बाईला रखवालदार अडवू लागला.

माझ्या लहानपणाची रेल्वे म्हणजे छोटी लाइन. बेंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियापासून नैनपूरवरून जबलपूरपर्यंत घातलेली, अडीच फुटी. सदरहून हाऊबाग स्टेशन जवळ. नागपूरकडे आजोळी जाताना आम्ही गोंदियापर्यंत हिनेच जायचो. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाची कच, आणि आईचा पदर तोंडातल्या वाफेने गरम करून डोळ्यावर. नर्मदा ओलांडून गाडी रानात शिरली, की रात्री इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या दिसायच्या. आम्हाला ती दिवाळी वाटे.

त्याच ठिणग्या मला पुढे कॉस्टिंगची परीक्षा देताना भेटल्या. केंब्रिजच्या पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1920 च्या आपल्या ग्रंथात आगगाडीच्या ठिणग्यांनी रुळालगतची झाडी जळते, हा दाखला घेतला आहे. रेल्वे कोळशाचे पैसे देते, ड्रायव्हरचा पगार देते. जळालेल्या झाडीची भरपाई तिने दिली नाही, तर तो खर्च तिच्या वहीत येतच नाही. तो पडतो झाडीच्या मालकावर. म्हणून गाडी चालवणाऱ्याचा खर्च वेगळा आणि सगळ्या समाजाचा वेगळा. बरोबरच्या परीक्षार्थींनी हे घोकून पाठ केलं. मला मात्र नर्मदेपलीकडचं रान दिसलं.

वहीचा हा दोष दुसऱ्या बाजूनेही असतो, हे छोट्या लाइनीनेच शिकवलं. तिच्या डब्यांतून मोळ्या यायच्या, पत्रावळीची पानं यायची, दुधाच्या बरण्या यायच्या. त्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटत. रेल्वेच्या हिशेबात दिसायचं ते त्यांचं तिकीट, तेही काढलं असेल तर. 2015 मध्ये जबलपूर-नैनपूर छोटी लाइन बंद झाली. मोठी लाइन गोंदियापर्यंत सलग जुळायला पाचेक वर्षं गेली, आणि हाऊबाग स्टेशन कायमचं सुटलं. मोठी गाडी चांगली आहे, वेगवान आहे. पण ती छोट्या थांब्यांवरच्या मोळीसाठी थांबत नाही.

आता घरचं सांगते. बाबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. हा कारखाना 1904 चा. शक्तिमान ट्रक 1959 मध्ये तिथेच बनू लागला. पुढे 1969 मध्ये वाहनांसाठी वेगळा कारखाना निघाला. भोंगा झाला, पाळी सुटली, की जबलपूरचे रस्ते सायकलींनी भरून जात. घंट्यांचा आवाज आधी यायचा, मग माणसं. ट्रक बनवणारी हजारो माणसं पायडल मारत घरी जायची, यात कुणाला गंमत वाटत नसे.

1972 च्या पावसाळ्यात पेंटीनाक्यावर एका ट्रकने बाबांच्या सायकलला मागून धक्का दिला. कुणाचा ट्रक ते कळलं नाही. मांडीचं हाड मोडलं. बाबांची जमाखर्चाची वही अजून माझ्याकडे आहे. त्या महिन्यात 'वाहन' या सदरात मागचं रिम, बारा स्पोक आणि मडगार्ड सरळ करण्याची मजुरी आहे. 'औषधपाणी' या सदरात प्लास्टर, रिक्षा आणि दूध जास्तीचं. पै-पैचा मेळ बसतो.

आई तेव्हा गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. चार महिने मशीनवर चादर पडली होती. ते पैसे आलेच नाहीत, म्हणून वहीत नाहीत. माझा टायपिंगचा क्लास सुटला. फी वाचली, म्हणून ती उलट शिलकीत दिसते! बाबा पुढे जन्मभर लंगडत चालले. त्याला तर सदरच नव्हतं. आणि ट्रकवाल्याच्या वहीत? त्याने त्या दिवशीच्या फेरीत फार तर डिझेल मांडलं असेल.

तीन वर्षांनी मी कॉस्टिंगला लागले. जोंगा 1999 मध्ये बंद झाली, तोवर तिची किती कार्डं माझ्या हाताखालून गेली असतील, गणती नाही. एकदाही मला पेंटीनाका आठवला नाही. कार्डावर जेवढे रकाने छापलेले, तेवढेच आम्ही भरत होतो.

ऑगस्ट 2025 मध्ये दमोह नाक्यापासून मदन महालकडे येणारा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला. भाच्याने मला त्यावरून फिरवून आणलं. झर्रकन पार झालो, खोटं कशाला बोलू. हजार कोटींहून जास्त खर्च झाला. बांधकामाच्या वर्षांत पुलाखालच्या दुकानदारांनी जी धूळ झाडली आणि जे गिऱ्हाईक गमावलं, ते या आकड्यात नाही. तसंच इथे सदरच्या रस्त्यावर शेंगदाणेवाला तासातासाने गाडीवरचं कापड झटकतो, तेही भाच्याच्या तक्त्यात नाही.

हे सगळं मी त्याला कॉफी निवेपर्यंत सांगितलं. पोरगा मन लावून ऐकतो, एवढा गुण त्याच्यात आहे. शेवटी म्हणाला, "मोटार तर घ्यावीच लागेल आत्या. बस कुठे आहे?" ते खरंच होतं. राज्याने आपलं परिवहन निगम बंद करायचं 2005 मध्येच ठरवलं. मी म्हटलं, "घे की. नको कोण म्हणतंय? फक्त एक ओळ टाक."

त्याने घसाऱ्याच्या खाली नवी ओळ घातली आणि 'लाकूडवाले' असं लिहिलं. "रक्कम किती?"

"ती मलाही काढता आलेली नाही. रिकामी ठेव."

पण त्या तक्त्याला रिकामा रकाना चालत नव्हता. बेरीज अडली. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तिथे शून्य टाकलं.